अंगणात उभी राहिलेली थोरली

(पत्र चार पानांचं होतं. जागेसाठी थोडं कापलंय, नाव-गाव गाळलंय.)

मावशी, सलाम.

मी ४६ वर्षांची आहे. नगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी नर्स आहे. आई आणि मी एकत्र राहतो. लग्न झालं नाही. जमलं असतं तेव्हा घरात अंथरूण होतं.

पप्पा शाळेत मास्तर होते. २०११ मध्ये निवृत्त झाले आणि फंड-ग्रॅच्युइटीचे साडेसहा लाख त्यांनी आईच्या मुलाला पुण्यात मोबाईलचं दुकान टाकायला दिले. दोन वर्षांत दुकान गेलं, दारू आली, फोन उचलणं बंद झालं. फेब्रुवारी २०१४ मध्ये पप्पांची उजवी बाजू गेली. पुढची पाच वर्षं चार महिने त्यांचं सगळं मी केलं, ड्यूटी सांभाळून. चुलतभावानं आईच्या मुलाला शोधून निरोप दिला होता. तो आला नाही. मातीलाही आला नाही.

यंदा ऑगस्टमध्ये मी ड्यूटीवरून घरी येत होते तर फाटकापाशीच मसाल्याचा वास. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'अगं, तुझा भाऊ आलाय, तुझी आई बिनचपलेची पळत गेली त्याला आणायला.' आत कोंबडी शिजत होती. तो अगदी वाळलाय. दीड वर्षं प्यायलेलो नाही म्हणतो, दारू सोडणाऱ्यांच्या एए गटाच्या मीटिंगला जातो. संध्याकाळी आईनं कपाटातून पप्पांचं घड्याळ काढलं आणि त्याच्या हातात बांधलं. एचएमटीचं, चावीचं. उजवा हात गेल्यावर पप्पांना चावी देता येत नव्हती, ती रोज सकाळी मी द्यायचे. मावशी, साडेसहा लाखांचं मला इतकं काही वाटलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी पाळकसाहेबांनी त्याला देवळात साक्ष द्यायला उभं केलं. उधळ्या पुत्रावर, म्हणजे वाटा उडवून परत आलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी घालतो आणि थोरला रागावून बाहेरच राहतो त्या येशूच्या दाखल्यावर, उपदेश केला. लोक रडले, टाळ्या झाल्या. मी मागच्या बाकावरून उठून बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. नंतर पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, 'सिस्टर, थोरला भाऊ होऊ नका.' तेव्हापासून मी देवळातली भाकर-द्राक्षरस, प्रभुभोजन, घेतलेलं नाही. मनात एवढं ठेवून कसं घेऊ?

आता आई म्हणते, पुढची खोली त्याला दुरुस्तीच्या दुकानाला दे आणि बँकेच्या दोन लाखांच्या कर्जाला तू जामीन राहा. घर अजून पप्पांच्याच नावावर आहे, मृत्युपत्र नाही. मी नको म्हटलं तर म्हणते, 'देवानं माफ केलं, तू कोण मोठी लागून गेलीस?'

मला एवढंच सांगा. देव आईच्या मुलाला खरंच इतक्या लवकर माफ करतो का? करत असेल तर माझ्या पाच वर्षांचं काय झालं? आणि मी माफ केलं नाही, तर उद्या हरवलेली मी ठरणार का?

— थोरली

*

थोरले, सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेऊन एक शब्द शोधत गेले. चार पानांत चुलतभाऊ आहे, काकूंच्या तोंडचा 'तुझा भाऊ' आहे, पाळकसाहेबांच्या तोंडचा 'थोरला भाऊ' आहे. पण जो परत आला त्याला तू पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत 'आईचा मुलगा' म्हटलंयस. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात अंगणात उभा असलेला थोरला बापाला हेच म्हणतो, 'हा तुझा मुलगा'. पकडलं म्हणून रागावू नकोस. मी हे तुला दोष द्यायला काढलेलं नाही, त्याच्याकडे पुन्हा यायचंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण ते लहान आहे आणि तुला आवडणार नाही. हो, इतक्या लवकर करतो. गोष्टीतला धाकटा वाटेत भाषण पाठ करत येतो: मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यापुढं पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मजुरासारखं ठेवा. घरी पोचल्यावर त्यातलं पहिलं आणि दुसरं वाक्य त्याच्या तोंडून निघतं. मजुरीचं तिसरं निघतच नाही, तोवर बापानं अंगरखा आणायला सांगितलेलं असतं. आणि बाप तर तो लांब असतानाच पळत सुटलेला असतो. त्या काळी वयस्क घरधन्यानं झगा वर उचलून रस्त्यानं पळणं म्हणजे गावात हसं. तुझी आई बिनचपलेची पळाली, तसंच. देवाची दया कशी असते हे येशूला सांगायचं होतं तेव्हा त्याला हेच चित्र सुचलं. ते जरा हळू चालणारं करून मी तुला देऊ शकत नाही.

पण पाळकसाहेबांनी ती गोष्ट अर्धी सांगितली.

मी बावीस वर्षं संडे स्कूल घेतलं. एका नाताळाला याच दाखल्याचं नाटुकलं बसवलं होतं. धाकट्याचं काम करायला पोरं भांडायची, कारण डुकरांच्या शेंगा खायचा प्रसंग होता आणि डुकरं व्हायला पहिलीचा अख्खा वर्ग तयार. थोरला कुणालाच नको. शेवटी एका गप्प मुलाला उभं केलं. प्रयोगाच्या दिवशी धाकटा आला, बाप पळाला, गळ्यात पडले, ढोलकी सुरू झाली, सगळे नाचायला लागले. थोरला विंगेत. बाप झालेला पोरगा नाचण्यात असा रंगला की दुसऱ्यांदा बाहेर जायचं विसरूनच गेला. मी खालून खुणा करतेय, अरे बाहेर जा, बाहेर जा. पडदा पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणालाही काही राहिल्यासारखं वाटलं नाही. मी मागं गेले तर तो मुलगा पुठ्ठ्याचं खोरं हातात धरून तसाच उभा. म्हणाला, 'बाई, मला कुणी बोलवायलाच आलं नाही.'

तुमच्या मंडळीत ऑगस्टमध्ये हेच झालं बघ.

गोष्टीत बाप घराबाहेर दोनदा येतो. एकदा धाकट्यासाठी, एकदा थोरल्यासाठी. आणि ज्यांना ही गोष्ट सांगितली ते कोण होते? अध्यायाच्या सुरुवातीलाच लिहिलंय: परुशी आणि शास्त्री, म्हणजे त्या काळचे कर्मठ धर्मपंडित, कुरकुरत होते की हा पापी लोकांना जवळ करतो, त्यांच्या पंक्तीला बसतो. म्हणजे गोष्ट मुळात थोरल्यांसाठीच सांगितलेली आहे. धाकटे तर आधीच पंगतीत बसले होते. याच अध्यायात आधी शंभरांतलं एक मेंढरू हरवतं, ते रानात. मग दहांतलं एक नाणं हरवतं, ते घरातच, आणि बाई दिवा लावून घर झाडून काढते. घरातल्या घरात हरवलेलं शोधायला देव दिवा लावतो, हे त्या नाण्याच्या गोष्टीत आहे. म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला मी नाही म्हणणार नाही. तूही थोडी हरवली आहेस. पण त्यावर 'थोरला भाऊ होऊ नका' असं घरी येऊन सुनावणं हा उपाय नव्हे. गोष्टीतला बाप थोरल्याला असं काही सुनावत नाही, तो बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. त्याला 'बाळा' म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये तिथं 'टेक्नॉन' आहे, म्हणजे लेकरा.

आणखी एक. थोरल्याला कळलं कसं? शेतावरून येताना गाण्या-नाचण्याचा आवाज आला आणि त्यानं चाकराला विचारलं. शेतावर कुणी निरोपच पाठवला नव्हता. वासरू कापलं, वाजंत्री लावली, आणि दिवसभर राबणाऱ्याला सांगायचं राहून गेलं. तुला मसाल्याच्या वासावरून आणि शेजारच्या काकूंकडून कळलं. तुझी आई वाईट नाही, आनंदात माणसं विसरतात. पण टोचायचं ते टोचतंच.

थोरल्याची तक्रार पोकळ नव्हती, हेही कुणीतरी देवळात सांगायला हवं. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात नियम आहे की ज्येष्ठ मुलाला दुप्पट वाटा. दोन मुलं असली तर थोरल्याला दोन तृतीयांश, धाकट्याला एक. धाकट्यानं मागितलं तेव्हा बापानं दोघांत वाटणी करून टाकली होती. म्हणजे धाकटा परत आला तेव्हा घरात जे उरलं होतं, ते वासरूसुद्धा, थोरल्याच्या वाटणीतलं. मेजवानी त्याच्या गोठ्यातून गेली. त्याला न विचारता. राग आला यात नवल काय?

आता तुझा दुसरा प्रश्न, पाच वर्षांचा. आपल्याकडे २०१७ मध्ये कर्जमाफी झाली, दीड लाखापर्यंत. मग २०१९ मध्ये दुसरी, दोन लाखांपर्यंत. दोन्ही वेळा गावोगावी सोसायटीच्या पायरीवर एकच बोलणं: आम्ही पोटाला चिमटा काढून हप्ते भरले, आम्हाला काय? सरकारलाही ते ऐकावं लागलं. नियमित फेडणाऱ्यांना आधी २५ हजारांपर्यंत, नंतरच्या योजनेत ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनपर अनुदान काढावं लागलं. माझ्या माहेरच्या एका चुलत्यानं ते घेतलं आणि तरी मरेपर्यंत कुरकुरत राहिला. तू त्या गोष्टीतली नियमित कर्जदार आहेस, थोरले. आणि तुला पन्नास हजारसुद्धा मिळाले नाहीत, घड्याळही दुसऱ्याच्या हातात गेलं.

गोष्टीतला थोरला हेच म्हणतो: इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय, मित्रांबरोबर मजा करायला कधी एक करडूसुद्धा दिलं नाही. बाप त्याला करडू देऊ करत नाही. म्हणतो, तू नेहमी माझ्याबरोबर आहेस आणि माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. पुष्कळ वर्षं मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटायचं. माझी आई शेवटच्या आजारात माझ्याकडे होती, त्यानंतर ते जरा वेगळं वाचता आलं. पप्पांच्या शेवटच्या पाच वर्षांत त्यांना काय आवडायचं, रात्री कशाची भीती वाटायची, अर्धवट शब्दांतून ते काय म्हणायचे, हे जगात दोन माणसांना माहीत आहे, तुला आणि आईला. तुझ्या भावाकडे घड्याळ आहे, त्यातलं काहीही नाही. ते त्याला आता कुणी देऊही शकत नाही. यानं तुझा थकवा भरून निघतो असं मी म्हणणार नाही, निघत नाही. पण ती पाच वर्षं तू देवाकडे हप्ते म्हणून भरत नव्हतीस, पप्पांना देत होतीस, आणि ती त्यांना पोचली. भावाला माफी मिळाल्यानं त्यातला एक दिवसही रद्द होत नाही.

इथं जरा थांबून एक आगाऊपणा करते. २०११ मध्ये साडेसहा लाख देताना पप्पांनी तुला विचारलं होतं का? पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही. म्हणजे बहुतेक विचारलं नव्हतं. तुझ्या रागातला थोडा वाटा त्यांच्या नावावर असेल आणि तो तू त्यांना घास भरवताना गिळून टाकला असशील. मेलेल्या माणसावर, त्यातून आपण सेवा केलेल्या माणसावर रागावणं पाप वाटतं, मग तो राग जिवंत माणसाच्या खात्यावर चढतो. स्तोत्रसंहितेत देवालासुद्धा तोंडावर बोलणारी माणसं आहेत. तू पप्पांशी एकदा कबरस्तानात जाऊन मोठ्यानं भांडून ये. कामाच्या दिवशी दुपारी जा, कुणी नसतं.

माफीचं आता. आपण प्रभूची प्रार्थना म्हणतो त्यात मत्तयाप्रमाणे शब्द 'ऋण' आहे: जशी आम्ही आमच्या ऋणकऱ्यांची ऋणं सोडतो, तशी तू आमची सोड. हा शब्द मला फार उपयोगी वाटतो, कारण ऋण सोडायचं तर आधी ते किती हे कळावं लागतं. दहा हजार तालांताच्या दाखल्यातला राजा कर्ज माफ करतो, पण त्याआधी हिशेब मांडतो. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिवसांची मजुरी, तेव्हा तो हिशेब काही गमतीचा नव्हता. 'जाऊ दे, झालं ते झालं' याला ऋण सोडणं म्हणत नाहीत, त्याला वही फाडणं म्हणतात. तुझ्या घरात आणि मंडळीत वही फाडून टाकायची घाई झालीय. तू ती लिहून काढ. शंभर पानी वही घे आणि लिही: पैसे, रात्रपाळ्या बदलून घेतल्या त्या, स्थळ आलं आणि परत गेलं ते, माती झाली त्या दिवशी पेटीला चौथा खांदा चुलतभावानं दिला तो. कुणाला दाखवायची नाही. जे सोडायचंय ते समोर दिसलं पाहिजे. आणि सोडून दिलेलं ऋण कुणीतरी भरतंच. कर्जमाफीत बँकेला पैसे सरकारी तिजोरीतून जातात. देवाची माफी फुकट नाही असं आपला विश्वास म्हणतो तो याच अर्थानं, ती वधस्तंभावर भरली गेली. तुझ्या भावाची आणि तुझीही. पण देवानं त्याची बाजू भरली, म्हणून तुझ्या बाजूचं नुकसान झालंच नव्हतं असं ठरत नाही.

प्रभुभोजनाबद्दल मी तुझ्याशी भांडणार आहे. तुझ्या मनात मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं ते वचन असणार: वेदीपाशी अर्पण आणलं आणि तिथं आठवलं, तर अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर. ते पुन्हा उघड आणि नीट वाच. 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे असं आठवलं' असं तिथं नाहीच. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर जा. म्हणजे ज्यानं दुखवलं त्यानं उठायचं. ऑगस्टमधल्या त्या रविवारी अर्पण ठेवून मागच्या बाकापर्यंत चालत यायचं होतं ते तुझ्या भावानं. व्यासपीठावर उभं राहून सगळ्या मंडळीपुढं पाप कबूल करणं सोपं असतं, टाळ्या मिळतात. एका माणसासमोर स्वयंपाकघरात बसून करणं फार अवघड. साक्ष द्यायच्या आधी तो तुझ्याशी बोलला होता का, हे पाळकसाहेबांनी विचारायला हवं होतं. मी पाळकांचा मान ठेवते, माझे सासरे पाळक होते, पण इथं ते चुकले.

दुसरं वचन पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं, अयोग्य रीतीनं खाण्याचं. त्याच्या भीतीनं आपल्याकडे कितीतरी बाया वर्षानुवर्षं बाकावर बसून राहतात. पौल रागावला होता कशावर? करिंथात पैसेवाले आधी येऊन पोटभर खात-पीत होते आणि मागून येणारे गरीब उपाशी राहत होते. एकमेकांना न मोजण्यावर तो रागावलाय, मन दुखावलेल्यावर नव्हे. आणि तो म्हणतो, माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून घरी जावं असं लिहिलेलं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी जा आणि घे. मनात राग घेऊन घे. ते मेज बऱ्या झालेल्यांसाठी ठेवलेलं असतं तर पहिल्याच रात्री तिथं कुणी बसू शकलं नसतं, येशूचा शिष्य पेत्रसुद्धा नाही.

पेत्रावरून आठवलं. येशूला पकडलं त्या रात्री 'मी त्याला ओळखत नाही' असं त्यानं तीनदा म्हटलं ते अंगणात कोळशांच्या विस्तवापाशी शेकत असताना. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा तसा विस्तव आणखी एकदाच येतो, पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या किनाऱ्यावर, आणि तो येशूनं पेटवलेला असतो. त्यावर मासे भाजलेले. आधी न्याहारी होते. मग येशू पेत्राला विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का, आणि तीनदा विचारतो. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं. दुखणाऱ्या जागेवर बोट ठेवल्यावर वाईट वाटणारच. तुमच्या घरी न्याहारी झालीय, आईनं कोंबडी घातली. प्रश्न विचारायचे राहिलेत, आणि ते आई विचारणार नाही. तो हक्क तुझा आहे. लूकच्याच सतराव्या अध्यायात सरळ लिहिलंय: भावानं अपराध केला तर त्याला दटाव, आणि पश्चात्ताप केला तर क्षमा कर. आपण दुसरा भाग भिंतीवर लावतो आणि पहिला विसरतो.

तेव्हा त्याला बसव. आई झोपल्यावर, किंवा आई शेजारी गेल्यावर. विचार: निरोप मिळाला तेव्हा तू कुठं होतास? मातीला का आला नाहीस? उत्तर देताना तो रडला तर रडू दे, प्रश्न मागं घेऊ नकोस. एएच्या बारा पायऱ्यांत आठवी पायरी आहे, आपण ज्यांना दुखवलं त्यांची यादी करणं, आणि नववी, जमेल तिथं त्यांची प्रत्यक्ष भरपाई करणं. दीड वर्षं तो मीटिंगला जात असेल तर त्याला हे ठाऊक आहे. त्याला सरळ विचार, तुझ्या यादीत माझं नाव कितवं आहे? जक्कय, तो जकातदार, येशूला काय म्हणाला ते आठव: अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. यातलं तो काही लगेच करू शकणार नाही, हातात पैसा नाही. पण आईला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात नेणं, तुझी रात्रपाळी असेल तेव्हा घरी थांबणं, एवढं उद्यापासून होण्यासारखं आहे. ते माग. माफीची अट म्हणून मागू नकोस. घरात राहतोय म्हणून माग.

लोक तुला मोठमोठ्या क्षमेच्या गोष्टी सांगतील, सावध राहा. सिस्टर राणी मारियांची गोष्ट मी स्वतःच किती वेळा सांगितलीय. मध्य प्रदेशात गरिबांत काम करणाऱ्या या केरळच्या नन. २५ फेब्रुवारी १९९५ ला समुंदर सिंहनं त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही नन, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. भाऊ मानलं. हे सांगताना आपण साल सांगत नाही. ते होतं २००२. मध्ये सात वर्षं गेली. आणि राखी बांधली म्हणून त्या दिवशी तुरुंगाचं दार उघडलं नाही, तो सुटला २००६ मध्ये. तुला ऑगस्टपासून तीन महिने झालेत.

आता कागदपत्रं. यात देव आणि देऊळ मध्ये आणू नकोस, आईलाही आणू देऊ नकोस.

जामीन राहू नकोस. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर बँक सरळ तुझ्याकडे येऊ शकते, आधी त्याच्याकडे वसुली करायला हवी असं नाही. दीड वर्षं न पिणं ही मोठी गोष्ट आहे, मी ती कमी लेखत नाही, पण दारू सुटलेला माणूस पुन्हा घसरू शकतो हे तू वॉर्डात पाहिलेलं असेल. माणूस घसरला तर दिलेली माफी परत घ्यावी लागत नाही. जामिनाची सही परत घेता येत नाही. आईला सांग, 'मी त्याला जेवायला वाढीन, सही करणार नाही.' गोष्टीतल्या बापानंसुद्धा अंगरखा दिला, अंगठी दिली, पायतण दिलं. नवी वाटणी करून दिली असं कुठं लिहिलेलं नाही.

घराचं मात्र तुला वाटतंय तसं नसेल. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर बायकोला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना सारखं, मुलगा-मुलगी फरक नाही. म्हणजे तुमच्या घरात आईला एक तृतीयांश, तुला एक तृतीयांश आणि त्याला एक तृतीयांश. पुढची खोली 'त्याला दे' असं आई एकटी ठरवू शकत नाही. पण तो मातीला आला नाही म्हणून त्याचा वाटा गेला, असंही नाही. आणि पप्पांनी हयातीत दिलेले साडेसहा लाख त्याच्या वाट्यातून वळते करता येत नाहीत, तसं त्या कायद्यात स्पष्ट आहे. तुझ्या वहीत ते राहतील, कोर्टाच्या हिशेबात येणार नाहीत. तालुक्याला चांगला वकील बघ, घराचा उतारा दाखव आणि आई आहे तोवर तिघांची नावं लागू देत. खोली द्यायचीच तर अकरा महिन्यांचा लेखी करार, भाडं शंभर रुपये का असेना. त्याला हे अपमानाचं वाटलं तर वाटू दे. मला विचारशील तर व्यसनातून उठणाऱ्या माणसाला कागदावर विश्वास दाखवलेला बरा वाटतो, निदान तिथं काय अपेक्षा आहे ते लिहिलेलं असतं.

'भाऊ' या शब्दाकडे परत येते. गोष्टीत थोरला म्हणतो 'हा तुझा मुलगा' आणि बाप उत्तर देताना म्हणतो 'हा तुझा भाऊ'. त्यापुढं गोष्टच नाही. थोरला आत गेला की अंगणातच राहिला, लूक सांगत नाही. तू आजच्या आज आत जा असं मी म्हणत नाही. त्याला समोर भाऊ म्हणायचीही घाई करू नकोस. रात्री प्रार्थना करताना सगळ्यांची नावं घेतेस ना, त्यात त्याचं नुसतं नाव घे. विशेषण लावू नकोस, पुढं-मागं काही मागू नकोस. नाव उच्चारून पुढच्या नावाकडे जा. नाताळाला पाच आठवडे आहेत, तेवढे दिवस करून बघ आणि मला कळव.

घड्याळ परत मागू नकोस. मागितलंस तर आई रडेल, तो काढून देईल आणि तुला ते हातात धरवणार नाही. पण चावीचं घड्याळ आहे ते, रोज सकाळी चावी दिली नाही तर बंद पडतं. पप्पांचा उजवा हात गेल्यावर पाच वर्षं ती चावी कोण देत होतं, हे त्याला कुणी सांगितलंय का?

— मावशी